उतरतानाच अडकणारी जुनी लिफ्ट: सेफ्टी ब्रेक कसा ओळखायचा, कसा सांभाळायचा

तक्रार बहुतेक इमारतींतून जवळपास त्याच शब्दांत येते. वर जाताना लिफ्ट मुकाट जाते. खाली येताना दोन मजल्यांच्या मध्ये खाडकन आवाज होतो, जोराचा हिसका बसतो आणि केबिन जागच्या जागी अडकते. मेकॅनिक येतो, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन केबिन थोडी वर घेतो, रीसेट करतो, वहीवर सही घेऊन जातो. काही दिवस बरे जातात, आणि मग पुन्हा कोणीतरी आजी भाजीच्या पिशवीसकट अर्धा तास आत.

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, कारेलीबाग, फतेगंज या भागांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या चार-सहा मजली अपार्टमेंटांमध्ये अशा लिफ्ट अजून भरपूर आहेत. सरकत्या जाळीचे दार, आत ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी, वेग सेकंदाला ०.६८ मीटर, गच्चीवर गिअरबॉक्सवाली मशीन. पुढचे सगळे याच जातीच्या लिफ्टसाठी आहे. हायड्रॉलिक लिफ्ट किंवा मशीनरूम नसलेल्या नव्या लिफ्टला ते जसेच्या तसे लावू नका.

माझे मत आधीच सांगतो. सेफ्टी, म्हणजे केबिनचा आणीबाणीचा ब्रेक, लागली, म्हणजे तिला कोणीतरी ओढले. कोणी ओढले हे सापडेपर्यंत लिफ्ट चालू करू नये. आणि सोसायटीची कमिटी ज्या लिफ्टबद्दल ‘आमची सेफ्टी आजवर कधीच लागली नाही’ असे अभिमानाने सांगते, तिची मला अडकणाऱ्या लिफ्टपेक्षा जास्त काळजी वाटते.

ब्रेक एक नाही

बोलताना सगळे सरसकट ‘ब्रेक’ म्हणतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. मशीनरूममध्ये मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक ड्रम असतो. त्याच्या दोन बाजूंना अस्तर लावलेले दोन शू असतात. हा मशीनचा ब्रेक. स्प्रिंग त्याला कायम बंद ठेवते, वीज आली की मॅग्नेट तो उघडतो. वीज गेली की तो आपोआप बंद होतो, म्हणून लाइट गेल्यावर लिफ्ट घसरत नाही. मजल्यावर थांबवून धरण्याचे रोजचे काम याचे.

सेफ्टी वेगळी. ती केबिनच्या चौकटीला, बहुधा फरशीखाली, दोन्ही बाजूंच्या गाइड रेलला (केबिन ज्यांच्या आधाराने वर-खाली सरकते त्या उभ्या लोखंडी पट्ट्यांना) कवेत घेऊन बसलेली असते. तिच्यात पाचर किंवा रोलर असतात. लिफ्ट नीट चालते तेव्हा पाचर रेलपासून दोन-तीन मिलिमीटर लांब राहते आणि रेलला शिवतसुद्धा नाही. केबिन टांगणारे रोप (लोखंडी दोर) तुटले किंवा केबिन प्रमाणाबाहेर वेगाने खाली जाऊ लागली, तर पाचर वर ओढली जाऊन रेल आणि ठोकळा यांच्यामध्ये घुसते, आणि मग केबिनचे स्वतःचे वजनच तिला आणखी घट्ट करते.

पाचर ओढायची केव्हा, हे गव्हर्नर ठरवतो. मशीनरूमच्या जमिनीवर ही छोटी चाकी दिसेल, तिच्यावर सहा किंवा आठ मिलिमीटरचा बारीक रोप. हा रोप खालपर्यंत जाऊन पिटमधल्या (लिफ्टखालच्या खड्ड्यातल्या) वजनदार पुलीला वळसा घालून परत येतो, आणि मध्ये एका जागी केबिनवरच्या सेफ्टीच्या लिव्हरला बांधलेला असतो. केबिन चालली की रोप चालतो, रोप चालला की चाकी फिरते. ठरलेल्या वेगाच्या किमान ११५ टक्क्यांवर गेल्यावर चाकीतली वजने बाहेर फेकली जातात आणि रोप जखडला जातो. केबिन खाली जातच असते, रोप थांबलेला असतो, त्यामुळे लिव्हर ओढला जातो. ०.६८ च्या लिफ्टला हा आकडा साधारण ०.७८ येतो.

या साखळीत गव्हर्नरचा रोप किती महत्त्वाचा आहे ते १९४५ साली न्यूयॉर्कला दिसले. २८ जुलैला एम्पायर स्टेट बिल्डिंगला बी-२५ विमान धडकले आणि एका लिफ्टचे रोप तुटले. त्याच धडकेत गव्हर्नरचा रोपही तुटला, त्यामुळे सेफ्टी लागलीच नाही. आत लिफ्ट चालवणारी बेटी लू ऑलिव्हर होती. ७५ मजले खाली येऊनही ती वाचली. खाली गोळा झालेल्या तुटक्या रोपांच्या वेटोळ्यांवर केबिनचा आघात काहीसा झेलला गेला असे सांगतात. सेफ्टीचे पाचर कितीही उत्तम असोत, त्यांना ओढणारे कोणी नसेल तर ते नुसते लोखंड.

खरेच सेफ्टी लागली होती का?

मेकॅनिक ‘सेफ्टी लागली’ म्हणतो तेव्हा त्याचे दोन अर्थ असू शकतात: पाचर रेलला चावली, किंवा सेफ्टी सर्किटमधला एखादा स्विच उघडला. दुसऱ्या प्रकारात लिफ्ट थांबते, पण लोखंडाचा दणका नसतो, फरशी तिरकी होत नाही, आणि बऱ्याचदा दार हलवले की लिफ्ट आपसूक चालू होते. तो दाराच्या कुलपाचा किंवा कॉन्टॅक्टचा रोग. त्याचा या नोंदीशी संबंध नाही, तरी जुन्या जाळीच्या दारांच्या लिफ्टमध्ये दहातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात.

पाचर चावल्याची खूण सोपी आहे. केबिन खाली जात नाही, पण हाताने मशीन फिरवून वर घेतली की सुटते. वर आणि खाली दोन्हीकडे सारखीच मोकळी असेल तर सेफ्टी लागली नव्हती. पक्का पुरावा रेलवर मिळतो. चावलेल्या जागी ताजी, चकचकीत, ओरबाडलेली पट्टी उमटते. दोन्ही रेलवर तिची लांबी जवळपास सारखी असली पाहिजे. एकाच रेलवर खूण असेल तर दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा अडकला आहे किंवा एका बाजूची पाचर जाम आहे, आणि पुढच्या वेळी सगळा भार एकाच बाजूवर येईल. ही खूण बघण्यासाठी मेकॅनिकला केबिनच्या वर चढून शाफ्टमध्ये (लिफ्टच्या उभ्या बोगद्यात) जावे लागते. जो नुसता मशीनरूममधूनच परत येतो त्याने ती पाहिलेली नसते, एवढे कमिटीने लक्षात ठेवले तरी बरेच काम होते.

बघितल्यावर ती खूण कानस आणि एमरीने गुळगुळीत केलीच पाहिजे. उंचवटा तसाच राहिला तर पुढच्या फेरीत गाइड शू (केबिनला रेलवर धरणारा तुकडा) त्याच्यावर आपटतो, आणि त्याच जागी पुन्हा सेफ्टी लागण्याचे ते नवे कारण होते. ‘तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच नेहमी अडकते’ असे कोणी सांगितले की मी आधी तिथली रेल बघतो.

रहिवाशांसाठी एकच: अडकलेल्या केबिनचे दार उचकटून बाहेर उडी मारू नका. केबिन आणि खालचा मजला यांच्यातल्या फटीतून सरळ शाफ्टमध्ये पडायला होते. लिफ्ट अडकल्यावर आत बसून राहणे धोक्याचे नसते, घाईने बाहेर पडणे धोक्याचे असते.

उतरतानाच का?

साखळी डोळ्यांसमोर ठेवली की उत्तर आपोआप येते. केबिन खाली येताना गव्हर्नरचा रोप ती आपल्या लिव्हरने ओढत आणते. रोप मोकळा फिरत असेल तर लिव्हरवर जवळजवळ जोर येत नाही, आणि एक स्प्रिंग लिव्हरला जागेवर धरून ठेवते. पण वाटेत कुठेही रोपाला अडथळा झाला, मग ती पिटमधली पुली असो, गव्हर्नरचे बेअरिंग असो की शाफ्टमधल्या भिंतीला घासणारा रोप असो, तर तो जोर लिव्हरला वरच्या दिशेने ओढतो. म्हणजे वेग वाढला नसतानाही अगदी गव्हर्नरने पकडल्यासारखेच होते. स्प्रिंग हरली की पाचर वर. चढताना हाच अडथळा लिव्हरला उलट दिशेला ढकलतो, म्हणून काही होत नाही. सायकलच्या ब्रेकची तार गंजली की लिव्हर आणि शू दोन्ही ठीक असूनही ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, तसला हा प्रकार.

बडोद्यात या अडथळ्याचा नंबर एकचा पत्ता म्हणजे पिट. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलापाशी ३५ फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची खूण २६ फुटांची आहे. त्याआधी २०१९ च्या ३१ जुलैच्या पावसानेही शहर बुडाले होते. अशा वेळी सयाजीगंज, फतेगंज, समा, अकोटा भागांत तळमजल्यांत पाणी शिरले की लिफ्टचा खड्डा सगळ्यात आधी भरतो आणि सगळ्यात शेवटी रिकामा होतो. पाणी उपसून लोक लिफ्ट चालू करतात. ती चालतेही. मग दिवाळीच्या आसपास अडकायला लागते, आणि पुराशी तिचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही.

मधल्या काळात झालेले असते ते असे. पुलीच्या बेअरिंगमध्ये गाळ गेला, वंगण वाहून गेले, गंज धरला. पुली जाम झाली आणि रोप तिच्यावरून घसरत जाऊ लागला. खोबणीत एका जागी चपटा घासला गेला. रोपाचा पाण्यात राहिलेला तुकडा गंजून खरखरीत झाला, आणि तो तुकडा वर गव्हर्नरवर आला की दर फेरीत थोडा अडखळतो. केबिन पुराच्या वेळी तळमजल्यावर उभी असेल तर सेफ्टीचे ठोकळेसुद्धा भिजले आणि पाचरांच्या मागच्या फटीत चिखल सुकून बसला.

तपास तळापासून करायचा. मेन स्विच बंद, पिटचा स्विच बंद, मगच कोणी खाली. आणि पूर ओसरल्यावर पिटमध्ये उतरण्याआधी टॉर्च मारून बघा. विश्वामित्रीच्या मगरी २०२४ मध्ये सोसायट्यांच्या आवारात निघाल्या होत्या, तेव्हा मी हे गंमत म्हणून लिहीत नाही. पुली हाताने फिरवून बघावी: सैल, आवाज न करता फिरली पाहिजे. तिचे वजन हवेत लोंबकळत असले पाहिजे. जुना रोप ताणून लांबला की वजन पिटच्या जमिनीला टेकते, रोप ढिला पडतो, उसळतो, आणि तेवढ्या उसळीनेही काही गव्हर्नर पकडतात. तिथे रोप आखूड करावा लागतो. पुलीपाशी एक स्विच असतो. रोप तुटला किंवा फार ढिला झाला तर त्याने लिफ्ट थांबवायची असते. पुरानंतर हा स्विच बऱ्याच ठिकाणी ‘तात्पुरता’ वायरने जोडून टाकलेला सापडतो. तात्पुरत्याला वर्षे लोटतात.

गंजलेल्या गव्हर्नर रोपाला ग्रीस फासणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. आवाज जातो, अडकणेही काही दिवस थांबते. पण वेग खरोखर वाढेल तेव्हा गव्हर्नरने तो रोप घर्षणावर पकडायचा आहे, आणि तेलकट रोप त्याच्या जबड्यातून निसटून जाईल. हा रोप कोरडा असतो आणि कोरडाच ठेवायचा. गंज धरला असेल तर बदला, तो लिफ्टमधला सर्वांत महाग भाग नव्हे.

पावसाळ्यात पाण्याची पातळी वाढल्याची बातमी आली की केबिन वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद करा. पाणी गेल्यावर मात्र पिट धुऊन, पुली आणि स्विच तपासूनच चालू करा. उपसले आणि चालू केले, असे नको.

झिजलेले शू, वाकडी रेल

पिट कोरडा आणि पुली मोकळी निघाली तर पुढचा संशयित गाइड शूमधला लायनर, म्हणजे त्याचे अस्तर. केबिन चार कोपऱ्यांच्या चार शूंवर रेलला धरून चालते. लायनर झिजले की केबिन डुलते. सहाच्या लिफ्टमध्ये तिघे एकाच बाजूला उभे राहिले की ती बाजू झुकते, आणि पाचरेपासून रेलपर्यंतचे ते दोन-तीन मिलिमीटर संपतात. पाचर घासायला लागते, घासता घासता वर सरकते. रिकाम्या केबिनची चाचणी घेतली तर काहीच सापडत नाही, म्हणून मेकॅनिक ‘लिफ्ट ओके’ लिहून जातो. लक्षणे रहिवाशांना ठाऊक असतात: गर्दीच्या वेळीच अडकते, आत उभे राहून पाय बदलले तरी केबिन हलते, खालून किरकिर येते. हे सगळे तक्रारीत लिहा. ‘लिफ्ट बंद पडली’ एवढ्याने कोणाला काही कळत नाही. आमच्याकडे शेजारी ‘लिफ्ट पाछी बंध’ (लिफ्ट पुन्हा बंद) एवढेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात आणि अपेक्षा करतात की मेकॅनिकला स्वप्न पडेल.

लायनर बदलले की पाचरांचे अंतर नव्याने जुळवावे लागते, दोन्ही बाजूंना सारखे. नुसता लायनर बदलून थांबणारे पुष्कळ.

रेलचे दोष कमी वेळा भेटतात. सांध्याजवळ पायरी पडलेली असते, किंवा इमारत बसल्यावर घट्ट आवळलेल्या क्लिपांमुळे रेल मध्येच फुगीर झालेली असते. याची खूण म्हणजे दर वेळी नेमकी तीच जागा. शाफ्टला प्लास्टर किंवा रंग करून घेतला असेल तर रेलवर वाळू आणि रंगाचे थेंब शोधा. आणि रेलवर तेल हवे तेवढेच, मेकरने सांगितलेल्या जातीचे. सढळ हाताने घातलेल्या तेलात धूळ आणि तंतू चिकटून पाचरांच्या खोबणीत जो काळा गोळा होतो, तो काही दिवसांनी दगडासारखा होतो.

गव्हर्नर

गव्हर्नर लवकर पकडतो त्याची कारणे: स्प्रिंग थकली, खोबण झिजली, बेअरिंग सुकले. खोबण झिजून रोप खोल बसला की चाकीचा परिणामी व्यास घटतो, त्यामुळे केबिन त्याच वेगाने चालली तरी चाकी जास्त फेरे घेते. २०० मिलिमीटरच्या चाकीत रोप तीन मिलिमीटर खाली उतरला तर व्यास १९४, म्हणजे तीन टक्क्यांची चूक. एकट्याने पंधरा टक्क्यांची सवलत संपत नाही, पण थकलेल्या स्प्रिंगच्या जोडीला पुरेशी होते.

इथे मेकॅनिकचा मोह असतो स्प्रिंगचा नट आवळण्याचा. त्या नटावर शिशाचे किंवा तारेचे सील असते ते उगीच नाही. सील तुटलेला गव्हर्नर कोणत्या वेगाला पकडेल हे मोजल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. कमिटीने मशीनरूममध्ये जाऊन एवढे तरी बघावे: सील शाबूत आहे का, पाटीवर पकडण्याचा वेग वाचता येतो का, आणि चाकीवर रंग फासलेला नाही ना. गच्चीचे रंगकाम करताना रंगारी मशीनरूमही उजळून टाकतात, आणि गव्हर्नरच्या वजनांच्या खिळ्या रंगाने जाम होतात. असा गव्हर्नर त्रास देत नाही. तो कधीच पकडत नाही.

नटवल्यानंतर सुरू झालेला त्रास

‘लिफ्ट नवी केल्यापासून अडकते’ ही तक्रार ऐकली की दोन प्रश्न विचारावेत.

ड्राइव्ह बदलला का? जुन्या मोटरला नवा व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे विजेचे उपकरण) बसवला की वेग आकड्यांनी ठरवता येतो, आणि कोणीतरी ‘थोडी जलद करून द्या’ म्हणतेच. ०.६८ च्या जागी ०.८ झाली, गव्हर्नर मात्र ०.७८ चाच आहे. तो आपले काम चोख करतो आहे. वेग पूर्वीवर आणा.

केबिन सजवली का? स्टीलचे पत्रे, आरसा, खाली ग्रॅनाइट. १.१ मीटर बाय १ मीटरच्या फरशीवर १८ मिलिमीटरचे ग्रॅनाइट घातले तर पन्नास किलोंहून जास्त वजन वाढते. काउंटरवेट (रोपांच्या दुसऱ्या टोकाला टांगलेले वजन) केबिनचे वजन आणि निम्म्याच्या आसपास भार धरून बसवलेले असते, तो तोल बिघडतो, मशीनच्या ब्रेकवर ताण येतो. आणि सेफ्टी ठराविक एकूण वजनासाठी निवडलेली असते, ती मर्यादा मागे पडते. सजावटकार लिफ्टवाला नसतो. त्याने किती किलो घातले हे लिहून घ्या आणि लिफ्टवाल्याला द्या.

कधीच न लागणारी सेफ्टी

अडकणारी लिफ्ट निदान ओरडून सांगते. गंजून जाम झालेली सेफ्टी काहीच सांगत नाही. ती जिवंत आहे का हे कळायचा एकच मार्ग, तिला मुद्दाम लावून बघणे. वर्षातून एकदा रिकाम्या केबिनने, तपासणीच्या संथ वेगात खाली येताना मशीनरूममधून गव्हर्नर हाताने पकडवतात. केबिन थांबली पाहिजे, सेफ्टीच्या स्विचने मोटरची वीज तुटली पाहिजे. मग तो स्विच चाचणीपुरता बाजूला ठेवून मशीन आणखी खाली चालवायचा प्रयत्न करतात, तेव्हा केबिन न हलता मुख्य रोप मशीनच्या पुलीवरून घसरले किंवा ढिले पडले पाहिजेत. त्यानंतर केबिनच्या फरशीवर लेव्हल ठेवायची. युरोपीय मानक पाच टक्क्यांपेक्षा जास्त कल चालवून घेत नाही. रेलवरच्या खुणा दोन्हीकडे पाहायच्या, कानस मारायची, जोडलेल्या वायरी काढायच्या, नोंद करायची.

अमेरिकेच्या ए१७.१ संहितेत वार्षिक चाचणी अशीच रिकाम्या केबिनची आहे आणि पूर्ण भाराची पाच वर्षांनी. जुन्या लिफ्टला पूर्ण भाराची चाचणी ऊठसूट घेऊ नये. हळू चालणाऱ्या जुन्या लिफ्टमध्ये बहुधा झटक्यात चावणारी सेफ्टी असते, तिच्यात पाचर सरकत थांबत नाही, एकदम थांबते, आणि चौकटीला जबर दणका बसतो. ती चाचणी घेणारा माणूस ठरवेल, कमिटी नाही.

चाचणी मागितली की काही ठिकाणी उत्तर येते, ‘कशाला, पुन्हा सुटली नाही तर?’ या उत्तरातच निकाल आला.

आणखी एक बघण्यासारखी गोष्ट. सेफ्टीचा लिव्हर तारेने बांधलेला नाही ना? सतत अडकणाऱ्या लिफ्टवर वैतागून केलेला हा इलाज मी एकाहून जास्त इमारतींत पाहिला आहे. अडकणे त्या दिवसापासून बंद होते, सगळे खूश होतात, आणि केबिनखाली निव्वळ वजन उरते. तार दिसली की लिफ्ट त्याच क्षणी बंद करा, मग कोणाची लग्नाची वरात खाली उभी असो.

वर पळणारी केबिन

एक गैरसमज फार पक्का आहे: ब्रेक गेला की लिफ्ट कोसळते. काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा जड असते. म्हणून मशीनचा ब्रेक गेला आणि आत एकटाच माणूस असला तर लिफ्ट वर जाते, आणि जुन्या लिफ्टची सेफ्टी फक्त खालच्या दिशेला चावते. वर पळणाऱ्या केबिनला मशीनच्या ब्रेकशिवाय कोणीच अडवत नाही. २००६ साली तोक्योच्या मिनातो भागात दार उघडे असताना केबिन वर सरकली आणि १६ वर्षांचा विद्यार्थी मेला. ब्रेकचे अस्तर झिजलेले होते. २००९ पासून जपानने नव्या लिफ्टना दार उघडे असताना केबिन हलली तर थांबवणारी वेगळी यंत्रणा सक्तीची केली. आपल्या जुन्या लिफ्टमध्ये असे काही नाही.

म्हणून मशीनच्या ब्रेकची लक्षणे हलक्यात घेऊ नका. मजल्यावर थांबताना कधी वर, कधी खाली चुकते. थांबल्यावर इंचभर सरकते. मशीनरूममध्ये जळका वास. ड्रम हात लावता येत नाही इतका तापलेला. तापलेला ड्रम म्हणजे ब्रेक पूर्ण उघडत नाही, चालत्या लिफ्टमध्ये अस्तर जळते आहे. जुन्या गिअरबॉक्सचे सील गळले की तेल ड्रमवर येते, आणि तेलकट अस्तर पुसून भागत नाही, बदलावे लागते. मॅग्नेटचा प्लंजर (त्याने ओढला जाणारा दांडा) अडकतो का ते वीज तोडून-जोडून पाहायचे: दर वेळी ठक्क आवाजात, न रेंगाळता पडला पाहिजे. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये दोन्ही शू एकाच प्लंजरवर असतात. तो अडकला की दोन्ही गेले. अशा मशीनला दोन स्वतंत्र मॅग्नेटचा ब्रेक बसवून घेणे हा माझ्या मते जुन्या लिफ्टवरचा पहिला खर्च असावा, आरशाच्याही आधी.

कागद आणि सुटे भाग

गुजरातेत लिफ्टसाठी २००० चा स्वतंत्र कायदा आहे. निरीक्षक येऊन गेले की कमिटी निश्चिंत होते. निरीक्षण काही तासांचे असते, उरलेले वर्ष तुमच्या देखभालीच्या कराराचे. तो करार काढून वाचा. सेफ्टीची वार्षिक चाचणी, गव्हर्नर रोप आणि ब्रेकचे अस्तर त्यात आहेत का? पुष्कळ स्वस्त करारांत ‘तेल, ग्रीस, सफाई’ एवढेच असते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दर अडकण्याची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी: तारीख, दिशा, कोणत्या मजल्यांमध्ये, आत किती माणसे, आदल्या दिवशी पाऊस होता का, मेकॅनिकने काय केले. अशा पाच-सहा ओळी जमल्या की कारण बहुधा कागदावरच दिसू लागते.

मूळ बनवणारी कंपनी बंद झालेली असली की सुट्या भागांचा प्रश्न येतो. पाचर लेथवर घडवून घेऊ नका. तिचे पोलाद, तिच्यावरचे दाते, तिचा कोन यांवर पकड ठरते, आणि दिसायला हुबेहूब असलेली पाचर रेलवरून घसरू शकते. बदलायची तर दोन्ही बाजूंची सेफ्टी जोडीने, आणि विक्रेत्याला चार गोष्टी सांगून: केबिनचे आजचे खरे वजन, भार, वेग, आणि रेलच्या पात्याची जाडी. रेल तेलावर चालते की कोरडी, हेही. गव्हर्नर बदलला तर रोप आणि पिटची पुलीही त्याच्याबरोबर, कारण नवा जबडा जुन्या झिजलेल्या रोपाला नीट धरत नाही. बसवून झाल्यावर पूर्ण भाराची चाचणी एकदा होतेच. वाळूच्या किंवा सिमेंटच्या पिशव्या मोजून आत रचतात, माणसे नाही. ती होऊन लेखी निकाल हातात येईपर्यंत तळमजल्यावर ‘लिफ्ट बंद’ची पाटी राहू द्या, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींना दूध-भाजी वर पोचवायची पाळी मुलांमध्ये लावून घ्या.